तांबड्या वाइनचा फेस



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वाइन हा शब्द आपल्या मराठी घरांतून अजूनही थोडा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. बडोद्याकडील श्रोत्यांच्या बाबतीत तर, त्यांच्या राज्यात दारूबंदी असल्यामुळे, आजचे हे बोलणे केवळ माहितीपुरतेच राहणार, हे उघड आहे. तरीपण ज्या पेयाने एखाद्या प्रदेशाची शेती, तेथील स्वयंपाक आणि तेथील सणवार यांना आकार दिला, ते समजून घेण्यास प्राशनाची अट नाही. शिवाय द्राक्षाचा रस आंबवून त्याचे आसव करण्याची कल्पना आपल्यालाही परकी नव्हे. आजीच्या फडताळात वैद्याने दिलेली द्राक्षासवाची बाटली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

वाइनविषयी आपल्याकडे जी काही तुटपुंजी समजूत आहे, तीत दोन गोष्टी ठाम बसलेल्या असतात. तांबडी वाइन म्हणजे शांत, गंभीर आणि तुरट. आणि फेस उसळणारी वाइन म्हणजे पांढरी, फार तर किंचित गुलाबी. शँपेनने ही दुसरी समजूत जगभर पक्की केली. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फेसाळ वाइन तयार होऊ लागली, तीही शँपेनच्याच वळणाची होती. त्यामुळे गडद तांबडी वाइन पेल्यात ओतताच तिच्यावर जांभळट फेस उभा राहिला, तर पाहणारा क्षणभर बिचकतो. ही वाइन बिघडली तर नाही ना, आंबायची ती पुन्हा आंबू तर लागली नाही ना, अशी शंका त्याला येते. जाणकार म्हणविणारेही पुष्कळदा नाक मुरडतात आणि तिला पोरकट, गोडगोड पेय ठरवून मोकळे होतात. हा निकाल बरोबर नाही, आणि तो का लागला याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तीच आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

या हकीकतीसाठी आपणांस उत्तर इटलीत, पो नदीच्या सपाट आणि सुपीक खोऱ्यात जावे लागेल. इ. स. पूर्व १८७ मध्ये रोमन राज्यकर्ता मार्कुस एमिलिउस लेपिदुस याने येथे एक सरळ रस्ता बांधविला. त्याच्या नावावरून या प्रदेशाला एमिलिया हे नाव पडले. पार्मा, रेज्जो, मोदेना, बोलोन्या ही गावे त्या रस्त्यावर माळेतील मण्यांसारखी ओळीने बसली आहेत. फेरारी मोटारींमुळे आणि पावारोत्ती या गायकामुळे मोदेनाचे नाव आपण ऐकलेले असते. परंतु इटलीत या प्रदेशाची ख्याती आहे ती खाण्यासाठी. पार्माचे डुकराचे खारवलेले मांस, दीड-दोन वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ मुरविलेले पार्मेजान चीज, मटणाच्या नव्हे तर कोंबडीच्या वा गोमांसाच्या रश्शात सोडलेल्या सारणाच्या तोर्तेल्लिनी, चरबीत तळलेल्या फुगीर पुऱ्या, डुकराच्या पायात मसालेदार खिमा भरून शिजविलेला झाम्पोने, असे हे सारे जड आणि स्निग्ध अन्न आहे. बोलोन्या शहराला इटालियन लोक कौतुकाने 'लठ्ठ' म्हणतात, यावरून काय ते समजावे.

या जड अन्नाबरोबर तेथील माणसे जी वाइन पितात, तिचे नाव लांब्रुस्को. ती तांबडी असते आणि फेसाळ असते. तेथे ती समारंभाची नसून रोजच्या जेवणाची आहे.

लांब्रुस्को हे नाव फार जुने आहे. प्राचीन रोमन लेखकांनी लाब्रुस्का नावाच्या रानवेलीचा उल्लेख केला आहे. शेताच्या बांधाकडेला आपोआप उगवणारी वेल, असा त्या शब्दाचा अर्थ लावला जातो. पुढे या प्रदेशात ही वेल एल्म आणि मेपल वृक्षांच्या खोडांवर चढवीत आणि झाडांच्या दोन रांगांमधील जमिनीत इतर पिके घेत. आपल्या नाशिककडील जुन्या बागांत पांगाऱ्याच्या आधाराने द्राक्षवेल वाढवीत असत, त्याच जातीची ही रीत होती. आता तेथेही तारांचे मांडव आले आहेत. पण या वेलीचा मूळचा दांडगा, रानवट स्वभाव गेलेला नाही.

लांब्रुस्को ही एक वेल नव्हे. ते वेलींचे एक गोत्रच आहे. त्यात डझनाहून अधिक जाती असून त्यांपैकी तिघी विशेष मानाच्या आहेत. पहिली सोरबारा. हिच्या फुलांतील पराग निकामी असतात, म्हणून फळ धरण्यासाठी शेजारी दुसरी जात लावावी लागते. तरीही घड विरळच येतात आणि काही मणी बारीक राहून जातात. परंतु जे येते त्याची वाइन फिकट तांबडी, आमसुलाच्या सारासारख्या रंगाची, आंबटसर आणि अत्यंत तरतरीत असते. दुसरी सालामिनो. हिचा लांबट, गच्च घड छोट्या सालामी सॉसेजसारखा दिसतो, म्हणून हे नाव. सोरबाराच्या शेजारी परागासाठी लावतात ती बहुधा हीच. तिसरी ग्रास्पारोस्सा, म्हणजे तांबड्या देठाची. ही मोदेनाच्या दक्षिणेस कास्तेल्वेत्रो गावाच्या टेकड्यांवर पिकते. तिची वाइन गडद, भरदार आणि पिकलेल्या जांभळाची आठवण करून देणारी तुरट असते.

आता हा फेस येतो कोठून, ते पाहू. द्राक्षरसातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतात. साध्या वाइनमध्ये हा वायू हवेत निघून जातो. एमिलियात द्राक्षांची तोडणी शरद ऋतूत होते. त्यानंतर लवकरच कडाक्याची थंडी पडते आणि यीस्ट गारठून काम थांबवितात. रसात थोडी साखर शिल्लक राहते. अशी वाइन बाटलीत भरून ठेवली की वसंतातील उबेने यीस्ट पुन्हा जागे होतात, उरलेली साखर आंबू लागते आणि या वेळी निर्माण होणारा वायू, बूच घट्ट असल्यामुळे, बाहेर पडू शकत नाही. तो वाइनमध्येच विरघळून राहतो. गोटीच्या सोड्याची बाटली फोडताना जो फसफसाट होतो, त्याचे कारण हेच. फरक इतकाच, की सोड्यात वायू बाहेरून कोंडलेला असतो आणि येथे तो वाइनच्या पोटातूनच जन्मलेला असतो. तेथील शेतकऱ्यांनी हा फेस शोधून काढला नाही. ऋतुचक्राने तो त्यांच्या हाती दिला.

घरगुती पद्धतीत बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ राहतो आणि प्रत्येक बाटली थोडी निराळी निघते. मोठ्या प्रमाणावर एकसारखा माल हवा असेल, तर ही रीत अडचणीची ठरते. १८९५ मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने दुसरे आंबवणे बाटलीऐवजी बंद टाकीत करण्याची युक्ती काढली. १९०७ मध्ये अजेन शार्मा या फ्रेंच तंत्रज्ञाने ती सुधारून घेतली. आज बहुतेक लांब्रुस्को अशा पोलादी टाक्यांतच फेसाळते. तिच्यातील वायूचा दाब सामान्यतः अडीच वातावरणांपलीकडे जात नाही. शँपेनमध्ये तो पाच ते सहा असतो. म्हणून शँपेनचे बूच उडते, आणि लांब्रुस्कोचा फेस पेल्यात उठून, ओठांना गुदगुल्या करून लगेच बसतो.

येथे एक शंका कोणीही विचारील. तांबड्या वाइनला फेस आणणे इतके सोपे आहे, तर मग जगात सर्वत्र ते का करीत नाहीत? याचे उत्तर द्राक्षाच्या सालीत आहे. तांबड्या वाइनचा रंग सालीतून येतो आणि रंगाबरोबर टॅनिन नावाचा तुरट अंशही येतो. कोवळी सुपारी किंवा हिरडा चघळल्यावर जीभ जशी आवळते, तो याचाच गुण. वायूचे बुडबुडे आणि थंडपणा या दोहोंमुळे हा तुरटपणा अधिकच टोचू लागतो. म्हणून फेसाळ तांबडी वाइन करणाऱ्याला तोल साधावा लागतो. एक तर सोरबारासारखे कमी टॅनिनचे द्राक्ष घेऊन साली फार काळ रसात ठेवावयाच्या नाहीत. किंवा ग्रास्पारोस्सासारखे भरदार द्राक्ष घेऊन थोडी साखर राखावयाची, जेणेकरून तुरटपणाची धार बोथट होईल. हा तोल साधला तर वाइन उत्तम. चुकला तर ती एक तर काढ्यासारखी लागते, नाही तर सरबतासारखी.

आणि आता मुख्य मुद्दा. ही वाइन जेवणापासून तोडून समजतच नाही. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या वाटपाचे, माशाचे, तेलातुपाचे भरगच्च जेवण झाले की शेवटी सोलकढीची वाटी येते. तिचा आंबटपणा जिभेवरील तेलकट थर धुऊन काढतो आणि पोटाला हलके वाटते. देशावर हेच काम मठ्ठा करतो. एमिलियाच्या ताटात हे काम लांब्रुस्कोकडे आहे. तिचा आंबटपणा चरबीला कापतो, बुडबुडे जीभ घासून स्वच्छ करतात, किंचित तुरटपणा तोंड कोरडे करतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. मद्यार्काचे प्रमाणही बेताचे, साधारण अकराच्या आसपास टक्के. सोलकढीची वाटी कोणी भर दुपारी, ताटाशिवाय, नुसतीच समोर ठेवली आणि 'हिच्यात खोली नाही' असा अभिप्राय दिला, तर आपण त्याला काय म्हणू? लांब्रुस्कोच्या बाबतीत जगाने नेमके हेच केले.

ते कसे घडले, ते ऐकण्यासारखे आहे. १९५० मध्ये रेज्जो एमिलिया येथे काही सहकारी वाइन संस्थांनी एकत्र येऊन रिउनिते हा संघ स्थापन केला. रिउनिते म्हणजे 'एकत्रित'. जवळपास त्याच काळात आपल्याकडे प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या धडपडीचे मोल आपणांस सहज पटेल. लहान शेतकऱ्याच्या द्राक्षांना हमखास गिऱ्हाईक मिळवून देणे हा त्यामागील हेतू होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका आयातदाराच्या साहाय्याने ही वाइन अमेरिकेत गेली. शीतपेयांवर वाढलेल्या तेथील पिढीच्या जिभेला रुचेल अशी, म्हणजे गोड, सौम्य, कमी मद्यार्काची आणि स्वस्त अशी ती केली होती. बर्फ घालून प्या, अशी जाहिरात दूरचित्रवाणीवरून होत असे. यश अफाट मिळाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कित्येक वर्षे रिउनिते ही अमेरिकेत सर्वाधिक खपणारी आयात वाइन होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिच्या एक कोटीहून अधिक पेट्या एका वर्षात खपल्या.

या यशाने हजारो कुटुंबांच्या चुली पेटल्या, हे विसरून चालणार नाही. गोड लांब्रुस्कोही काही नवी बनावट नव्हती. घरी गोड आणि कोरडी अशा दोन्ही प्रकारची वाइन होतच होती. परंतु परदेशी गेली ती एकच तऱ्हा, आणि गेली तीही तिच्या ताटाला मागे टाकून. ज्या लोकांनी झाम्पोने पाहिला नाही, पार्मेजानचा खडा जिभेवर ठेवला नाही, त्यांच्या दृष्टीने लांब्रुस्को म्हणजे बर्फाबरोबर पिण्याचे तांबडे गोड पाणी, एवढेच समीकरण झाले. पुढे आवडीनिवडी बदलल्या, गोड वाइन पिणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरले आणि साऱ्या गोत्रावरच शिक्का बसला. सोरबाराच्या विरळ घडांतून निगुतीने कोरडी, पाणीदार वाइन करणारा शेतकरीही त्याच शिक्क्याखाली भरडला गेला. त्याच्या बाटलीवरील नाव वाचूनच गिऱ्हाईक पुढे जाई. एखाद्या वस्तूचा अफाट खप हाच तिच्या अब्रूचा शत्रू ठरावा, अशी ही विचित्र गत आहे.

सुदैवाने घरच्या माणसांनी आपली चव सोडली नाही. १९७० मध्येच सोरबारा, सालामिनो आणि ग्रास्पारोस्सा या तिघींच्या मूळस्थानाच्या नावांना इटालियन कायद्याचे संरक्षण मिळाले होते. अलीकडच्या दोन-तीन दशकांत अनेक उत्पादकांनी कोरड्या वाइनवर पुन्हा भर दिला. काहींनी बाटलीतच आंबविण्याची आजोबांची रीत पुन्हा हाती घेतली. तळाशी गाळ असलेली, थोडी धुरकट दिसणारी ती बाटली आता परदेशांतील चांगल्या भोजनगृहांतूनही मानाने मांडली जाते. गेलेली अब्रू हळूहळू परत येत आहे.

फेसाळ तांबड्या वाइनचे दुसरे घराणे सातासमुद्रांपलीकडे ऑस्ट्रेलियात आहे. मेलबर्न येथे १८८१ मध्ये ती प्रथम झाली असे मानतात. पुढे व्हिक्टोरिया प्रांतातील ग्रेट वेस्टर्न या गावी तिला चांगले दिवस आले. तेथे सोन्याच्या खाणींत काम केलेल्या मजुरांनी खणलेली लांबलचक भुयारे आहेत. त्यांच्या गारव्यात शिराझ द्राक्षाची ही वाइन शँपेनच्या रीतीने बाटलीत फेसाळत आणि वर्षानुवर्षे मुरत असे. तिला 'स्पार्कलिंग बर्गंडी' म्हणत. १९९४ च्या युरोपशी झालेल्या करारानंतर बर्गंडी हे फ्रेंच प्रांताचे नाव सोडावे लागले आणि 'स्पार्कलिंग शिराझ' हे नाव रूढ झाले. ऑस्ट्रेलियात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. भाजलेल्या टर्कीच्या भारी जेवणाला तांबडी वाइन तर हवी, पण उन्हामुळे ती गार आणि उल्हसित करणारीही हवी, ही अडचण या वाइनने सोडविली. एमिलियाच्या रोजच्या जेवणाशी तिचे नाते नाही, पण गरज तीच आहे.

आणि गोव्याच्या श्रोत्यांना पोर्तुगालचे नाव काढले की गोड, जड पोर्ट वाइन आठवेल. परंतु त्याच देशाच्या उत्तर टोकाला, मिन्यो प्रांतात, तांबडी 'विन्यू व्हेर्द' होते. काळपट जांभळी, चरचरीत आंबट आणि ओठांना जेमतेम जाणवेल एवढ्या फेसाची ही वाइन तेथील खेडूत पेल्याऐवजी चिनी मातीच्या पांढऱ्या वाडग्यातून पितात. वाडग्याच्या कडेला तिचा जांभळा डाग राहतो. भाजलेल्या तार्लीसारख्या तेलकट माशाबरोबर ती घेतात. म्हणजे येथेही ताट पुन्हा आलेच.

आता ज्यांना कायद्याची आणि प्रकृतीची आडकाठी नाही, अशा श्रोत्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. बाटलीवर 'सेक्को' हा शब्द असेल तर वाइन कोरडी. 'आमाबिले' असेल तर गोडसर. 'दोल्चे' असेल तर गोड. नुसते लांब्रुस्को असे न लिहिता सोरबारा किंवा ग्रास्पारोस्सा असे पूर्ण कुळनाव दिलेले असेल, तर ती निवडावी. ही वाइन साठवून ठेवण्याची नाही. ताजी असतानाच संपवावी. शीतकपाटात ठेवून ती चांगली गार करावी: सोरबारा दहा अंश सेल्सियसच्या आसपास, ग्रास्पारोस्सा त्याहून दोन-तीन अंश उबदार चालेल. बर्फ मात्र घालू नये. त्याने पाणचटपणा येतो. अरुंद उभट पेल्यापेक्षा साधा, पोट असलेला पेला बरा, म्हणजे सुगंध कळतो. बाटली तिरपी धरून सावकाश ओतावी, नाही तर अर्धी वाइन मेजावर सांडेल.

आणि मुख्य म्हणजे सोबत खावयास काही तरी स्निग्ध असावे. मुरलेले चीज, तळलेले पदार्थ, किंवा गोव्यातील चोरिस. चोरिसाची चरबी, शिरका आणि मिरची यांना थोडी गोडसर ग्रास्पारोस्सा चांगली पेलते, कारण मिरचीच्या जळजळीला जास्त मद्यार्क आणि जास्त तुरटपणा वाढवितात, तर गारवा आणि अंमळ गोडी शांत करतात. पहिला घोट नुसता घ्यावा आणि दुसरा घासानंतर. या दोन घोटांमधील फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला या वाइनचे मर्म कळले.

शेवटी एक सांगितलेच पाहिजे. एमिलियातील म्हातारा शेतकरी जेवताना एखाद-दुसरा पेला घेतो. जेवण संपले की बाटलीला बूच लागते. ही वाइन जेवणाच्या मर्यादेत राहते, म्हणून तिची शोभा आहे. ती मर्यादा ओलांडली तर तांबडी काय, पांढरी काय, फेसाळ काय आणि शांत काय, सारी मद्ये अखेर एकाच रांगेत जाऊन बसतात. जो पीत नाही त्याचे यात काहीच हुकत नाही. परंतु पिणाऱ्याने आणि न पिणाऱ्याने, दोघांनीही, एखाद्या वस्तूला नावे ठेवण्यापूर्वी ती कोणत्या ताटातली आहे एवढे विचारावे. लांब्रुस्कोला तो प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून तिला तीस-चाळीस वर्षे खाली मान घालून काढावी लागली.